एक पट्टी बंद पडली म्हणून

२०२४ च्या गणेशोत्सवातली गोष्ट. हैदराबादेत काचीगुड्याच्या बाजूला एका मराठी मंडळाचा नाट्यगीतांचा कार्यक्रम होता आणि साथीला मी होतो. मी म्हणजे पेशाने केंद्र सरकारच्या कचेरीतला कारकून, मूळचा फोंडा तालुक्यातला, २०२१ पासून बदलीवर इथे. गावच्या देवळात भजनी सप्ताहाला शाळकरी वयात पेटी धरली, ती अजून सुटलेली नाही. मंडळाकडे मात्र पेटी नव्हती, कीबोर्ड होता. मला त्याचे वावडे नाही. हार्मोनियमचा आवाज लावला आणि बसलो.

गायकाचा सूर काळी एक. म्हणजे पंचम काळी चार. दुसऱ्याच पदात गायक पंचमावर येऊन ठेपला, मी मधल्या सप्तकातली काळी चार दाबली, आणि काही नाही! गप्प. पुन्हा दाबली, गप्प. जरा रेटून दाबली तर अशी किंचाळली की पहिल्या रांगेतल्या आजीबाई दचकल्या. गायकाने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी आयुष्यात विसरणार नाही. षड्ज सोडून गेला तर माणूस कसाबसा निभावून नेतो, पण पंचमावर न्यास असलेल्या पदात पंचमच नाही म्हणजे घरात शिरावे आणि उंबरठाच नसावा तसे झाले.

मध्यंतरात ट्रान्सपोजचे बटण वापरून मी बोटे पांढरी एकवर आणली. सूर काळी एकचाच, पण मेलेली पट्टी आता कोमल धैवतावर गेली. चालले. कोमल धैवताचे एक पद वगळायला लावले. पण शेवटी भैरवी! भैरवीत कोमल धैवत नाही म्हणून कसे चालेल? मग पुन्हा सरकवले, षड्ज पांढरी दोनवर घेतला, म्हणजे मेलेली पट्टी तीव्र मध्यमावर, आणि गायकाला हळूच सांगितले की बाबा रे, भैरवी साधी गा, बारा सूर लावायच्या भानगडीत पडू नकोस. त्याने माझे ऐकले. लोकांना काही कळले नाही, टाळ्या पडल्या. मला घाम फुटला होता.

इथवर ठीक. वाद्य आहे, बिघडणारच. माझे भांडण आहे ते पुढच्या रविवारच्या बैठकीशी.

बैठकीत कार्यवाह म्हणाले, "इलेक्ट्रॉनिक वस्तू ती. तीन वर्षे चालली, पैसे वसूल. नवीन घेऊ, जुना एक्स्चेंजमध्ये देऊ." दुसऱ्या टोकाला एक वयोवृद्ध सभासद बसले होते. निजामाच्या काळापासून इथे असलेल्या मराठी घराण्यातले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण ही मंडळी इथेच राहिली आणि त्यांनी इथे मराठी टिकवली, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ते म्हणाले, "म्हणून मी सांगत होतो, लाकडाची पेटी घ्या. प्लास्टिकचे सोंग टिकत नाही." आणि सगळ्यांनी माना हलवल्या, दोघांच्याही बोलण्याला! एक म्हणतो फेकून द्या, दुसरा म्हणतो घ्यायलाच नको होता. दोघांचे एकमत एवढ्यावर की कीबोर्ड हा टिकणारा प्राणी नव्हेच.

हे मला साफ नामंजूर आहे, आणि का ते सांगतो.

आधी कीबोर्ड कंपनीच्या सेवाकेंद्रात नेला (कोणत्या कंपनीच्या ते विचारू नका, सांगणार नाही). तिथल्या मुलाने उघडूनही न पाहता सांगितले, पट्ट्यांची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, भाग मागवावा लागेल, सहा आठवडे. अंदाजपत्रक नव्या कीबोर्डच्या निम्म्याहून जास्त. वर सल्ला, "सर, त्यापेक्षा नवीन मॉडेल बघा ना."

मग कचेरीतल्या एका सहकाऱ्याने कोठीचा रस्ता दाखवला. कोठीची गुजराती गल्ली हैदराबादकरांना ठाऊक असते, इलेक्ट्रॉनिक मालाची ती मोठी बाजारपेठ. तिच्या मागच्या एका बोळात जिन्याखाली तीन फुटांचे टेबल टाकून एक म्हातारे मियाँ बसतात. त्यांनी कीबोर्ड पालथा घातला, मळसूत्रे काढून एका ताटलीत ठेवली, खालचे झाकण उचलले, पट्ट्यांखालची रबराची फीत उलटी करून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "मरी नै साब, मैल जमी है. तुम लोगां मरने से पैले-च दफना देते."

वीस-पंचवीस मिनिटांत काळी चार बोलू लागली. चारशे रुपये. सगळ्या ६१ पट्ट्या त्यांनी पुसून दिल्या, आणि वर चहा पाजला.

आता हे दुखणे समजून घ्या, कारण ज्याला ते समजत नाही त्याला कोणीही गंडवू शकतो. कीबोर्डच्या पट्टीखाली रबराची लहानशी टोपी असते. टोपीच्या आत दोन काळ्या टिकल्या, कार्बनच्या. पट्टी दाबली की टोपी चेपते, एक टिकली खालच्या पाटीला आधी टेकते, दुसरी किंचित नंतर. या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला यावरून यंत्राला कळते की तुम्ही हळू दाबले की जोरात. वेळ कमी तर आवाज मोठा, वेळ जास्त तर आवाज मऊ. म्हणजे ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डात टेकायच्या १२२ जागा झाल्या. त्यांतल्या एका जागेवर धूळ, घामाचा क्षार किंवा बुरशीचा पापुद्रा बसला की हिशेब चुकतो. मग पट्टी गप्प तरी राहते नाहीतर किंचाळते. माझ्या काळी चारने दोन्ही केले. याला उपाय म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचा बोळा, तोही हलक्या हाताने, कारण जोरात घासले तर कार्बनच निघून येतो. रबर खरोखर फाटले असेल तर सप्तकापुरती फीत बदलायची. यात इलेक्ट्रॉनिक्स कुठे बिघडले? कीबोर्डचा मेंदू धडधाकट असतो, बिघडते ते रबर. सायकलच्या ब्रेकचे रबर झिजले म्हणून आपण सायकल भंगारात घालत नाही.

मियाँच्या टेबलावर त्या दिवशी सात कीबोर्ड पडले होते. पाचांचे दुखणे हेच. सहाव्याची अडॅप्टर खोचायची खोबण हलत होती. अडॅप्टरची पिन जरा तिरकी ओढली गेली की आतला डाग तडकतो आणि भर कार्यक्रमात कीबोर्ड चालू-बंद होऊ लागतो. नवा डाग द्यायचा, झाले. सातवा मात्र खराखुरा मेला होता, आणि त्याला मारणारा अडॅप्टरच होता, दुसऱ्याचा. जुन्या कॅसिओंच्या अडॅप्टरला पिनच्या मध्यभागी ऋण टोक असते, यामाहाच्या अडॅप्टरला धन. पिन दिसायला सारखी. मांडवात घाई, "अरे कुणाचा तरी लाव ना," आणि बारीक धूर. आता याला वाद्य नाजूक म्हणायचे की माणूस अडाणी?

आपल्याकडे कार्यक्रमात कीबोर्डला जी वागणूक मिळते ती बघितली की तो तीन वर्षे तरी कसा तगला याचेच नवल वाटते. रिक्षात तो आडवा, वर समईचा खोका. मांडवात पोचला की दुपारच्या उन्हात ध्वनिवाल्याची वाट बघत तासन्‌तास उघडा. विजेची जोडणी दिव्यांच्या माळांच्याच फळीवरून, पाठीमागे जनरेटर, दाब कधी वर कधी खाली. मिक्सरवाला पोरगा वायर हाताने न काढता पायाने ओढतो. मग आरती. आरतीला कापराची काजळी, अक्षता, फुलांच्या पाकळ्या, तीर्थाचे शिंतोडे. कीबोर्डवर नारळ ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि उचलायला सांगितले तर "देवाचाच आहे हो" हे उत्तर ऐकले आहे. आमच्या गोव्यात याच्या जोडीला पावसाळा. चवथीच्या दिवसांत हवाच इतकी ओली की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे तांब्याच्या रेघा हिरव्या पडल्या तर दोष कोणाचा? शिवाय झुरळे आणि मुंग्या, त्यांना कीबोर्डच्या आतली ऊब फार आवडते. हैदराबादेत ओल कमी, पण धूळ अशी की सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहावे. आणि उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा. पेटीला आपण खण शिवतो, दसऱ्याला तिची पूजा करतो, तिच्यावर कोणी पेला ठेवला तर ओरडतो. कीबोर्डवर पेलाच नव्हे, डिशही ठेवतो. एकाला वाद्य मानले आणि दुसऱ्याला मिक्सर-ग्राइंडर.

पेटीवाल्यांनाही माझे सांगणे आहे. मी त्यांच्यातलाच, त्यामुळे हक्काने सांगतो. बोरीचे पं. तुळशीदास बोरकर (१९३४-२०१८) ज्या तालुक्यातले, त्या तालुक्यातला मी, पेटीची थोरवी मला कोणी शिकवायला नको. पण पेटी टिकली ती लाकडाच्या पुण्याईने नव्हे. हार्मोनियम आले युरोपातून. ते खुर्चीवर बसून पायाने भाता हाणायचे, आतली यंत्रणा किचकट, इथल्या हवेत कुरकुरणारी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याची मांडीसमोर ठेवायची हातपेटी केली, आणि करताना आतली रचना सोपी केली, म्हणजे गावोगावचा कारागीर ती उघडू शकेल. पुढे सूरही इथे घडू लागले, गुजरातेत पालिताण्याला. पेटीचा सूर तुटतो, भाता फुटतो, पट्टी फुगून अडकते, हे सगळे होते! पण तालुक्याच्या गावी कोणीतरी असतो जो संध्याकाळपर्यंत ती नीट करून देतो. म्हणून ती शंभर वर्षे पुरते. या परक्या पेटीला आकाशवाणीने १९४० ते १९७१ दाराबाहेर ठेवले होते हेही आठवावे. तेव्हाच्या शुद्धतावाद्यांनी तिला जे म्हटले तेच आज आपण कीबोर्डला म्हणतो आहोत.

आणि विजेवरचे वाद्य म्हणजे कालपरवाचे फॅड असेही नाही. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली ती पुंगी खरी पुंगी नव्हे, कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या सुरावटीच्या पेटीवर वाजवली होती. १९८३ साली बाजारात आलेला यामाहाचा डीएक्स-७ अजून जगात ठिकठिकाणी वाजतो. त्याच्या आतली बॅटरी बदलावी लागते, पट्ट्या साफ कराव्या लागतात, एवढेच. बंगळुरूच्या रॅडेलने १९७९ पासून इलेक्ट्रॉनिक तंबोरे बनवले. ते बनवणारे जी. राज नारायण स्वतः बासरीवादक आणि अभियंते. आपल्या गायकांच्या बैठकांतून हे तंबोरे वर्षानुवर्षे फिरतात, बिघडतात, दुरुस्त होतात आणि पुन्हा बैठकीला बसतात. "इलेक्ट्रॉनिक वस्तू ती" हे कारण मग उरते कुठे?

कंपन्यांना मी सोडणार आहे असे समजू नका. त्यांचे एक गणित आहे. तबला, तंबोरा, संतूर असे आपले आवाज असलेली मॉडेल्स त्यांनी बहुतेक घरगुती वर्गात बसवली. हलके अंग, आत दोन स्पीकर, बाहेर अडॅप्टर. दिवाणखान्यात मुलीने 'सारेगम' वाजवावे म्हणून केलेली वस्तू. रंगमंचासाठी मजबूत अंगाची मॉडेल्स वेगळी, त्यांची किंमत कैक पट. रोलंडच्या एक्सपीएस-१० सारखे मधले पर्याय आले, नाही असे नाही. पण भजनी मंडळ, लग्नाचा ऑर्केस्ट्रा, चर्चची गायनमंडळी, तियात्राची बँड हे सगळे घेतात ती घरगुती वस्तू, आणि तिच्याकडून रंगमंचाचे काम करून घेतात. विकणाऱ्याला हे ठाऊक असते. तो विकताना "प्रोग्रॅमला एकदम बेस्ट" म्हणतो आणि बिघडल्यावर "सर, हे होम यूजचे आहे" म्हणतो. यामाहाच्या चेन्नईजवळच्या कारखान्यात २०१९ पासून कीबोर्ड तयार होतात. चेन्नई हैदराबादहून एका रात्रीच्या गाडीवर. कीबोर्ड इतक्या जवळ बनू शकत असतील तर रबराच्या फिती, खोबणी, बटणे दुकानात सुटी विकायला कोणत्याही कंपनीला काय अडचण आहे? मियाँ जुन्या मेलेल्या कीबोर्डांच्या फिती काढून ठेवतात आणि त्यांवर धंदा चालवतात. एका कीबोर्डला जगवायला दुसरा मरावा लागतो!

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे धरली, डिसेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळही काढले. चांगली गोष्ट. या चार नावांत वाद्य हा शब्द नाही. कीबोर्ड इलेक्ट्रॉनिक म्हणून त्यात मोडतो असे कोणी म्हणेल, तर म्हणो बापडा, पण त्यासाठी वादकांनी अर्ज करायला हवेत. आपले कलावंत पुरस्कारासाठी अर्ज करतात, रबराच्या फितीसाठी करत नाहीत.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे लिहायचा मला अधिकार नाही.

पणजीला असताना आमच्या कचेरीच्या करमणूक मंडळाचा एक कीबोर्ड होता. भांडाराचे काम माझ्याकडे होते. कचेरी सुटल्यावर सहानंतर शिपायाचा मुलगा त्यावर वाजवत बसायचा, वडील कपाटे बंद करेपर्यंत. दहावीत असेल. कान चांगला होता. एकदा ऐकलेले पद दुसऱ्या दिवशी काढायचा. मग तीन-चार पट्ट्या बंद पडल्या. सेवाकेंद्राचे अंदाजपत्रक आले, नेहमीसारखेच अव्वाच्या सव्वा. मी फायलीवर टिपण लिहिले: "दुरुस्ती किफायतशीर नाही, निरुपयोगी घोषित करावे." साहेबांनी सही केली. जुने पंखे, मोडक्या खुर्च्या यांच्याबरोबर तो लिलावात गेला, वजनावर. नवीन घ्यायला मंडळाकडे पैसे नव्हते, ते कधी आलेच नाहीत. मुलगा पुढे वेर्ण्याच्या एका कारखान्यात लागला. मध्यंतरी भेटला, मी विचारले वाजवतोस का, तर हसला आणि म्हणाला, "कशावर वाजवू सर?"

ते टिपण माझ्या अक्षरात आहे. उघडून पाहावे असे मला सुचले नाही. कोठीला मियाँनी ती फीत उलटी करून दाखवली तेव्हा मला आधी ते टिपण आठवले. त्याही पट्ट्या मेलेल्या नसणार.

म्हणून कार्यवाहांच्या "पैसे वसूल" या शब्दांवर मी त्या बैठकीत जरा जास्तच तापलो. मंडळाला नवा कीबोर्ड घेणे जड नाही, वर्गणी निघेल. पण शहरात आज कीबोर्डवर पोट भरणारी मुले आहेत. गणपती, नवरात्र, लग्नसराई एवढाच त्यांचा हंगाम. वाद्य हप्त्यावर घेतलेले. एका रात्रीची बिदागी ठरवताना संयोजक जेवण धरतात, रिक्षा धरतात, वाद्याची झीज कोणी धरत नाही. मांडवातल्या पाण्याने त्याचा कीबोर्ड गेला तर "अरेरे" म्हणायचे आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलवायचे. "तीन वर्षांनी फेका" हा नियम मंडळाला परवडतो, त्या मुलाला तीन वर्षांत हप्तेही फिटत नाहीत.

आमच्या सरकारी नियमांची लोक थट्टा करतात, मीही करतो. पण २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत दोन साध्या गोष्टी आहेत. वस्तू घेतानाच गरजेप्रमाणे तिच्या देखभालीचा करार करता येतो. आणि भांडारातल्या वस्तूंची वर्षातून एकदा प्रत्यक्ष पडताळणी करायची. पणजीला मी पडताळणी म्हणजे मोजणी समजत होतो. एक कीबोर्ड, आहे, बरोबर, सही. प्रत्येक पट्टी वाजवून पाहिली असती तर पहिली बंद पडली तेव्हाच कळले असते.

मी बैठकीत तेवढेच मागितले. वर्षातून दोनदा, गणपतीआधी आणि होळीनंतर, कीबोर्ड मियाँकडे जावा. अडॅप्टरला लाल चिकटपट्टी लावून त्यावर कीबोर्डचे नाव लिहावे आणि दुसऱ्या कोणाला देऊ नये. जाड कापडाचा खण शिवावा. बाहेरचा वादक त्याचे वाद्य आणणार असेल तर बिदागीत झिजेचे पैसे वेगळे लिहावेत, आणि मांडवात वाद्याचे नुकसान झाले तर दुरुस्ती मंडळाची. या शेवटच्या कलमावर एक तास वाद झाला. वयोवृद्ध सभासद, जे पेटीच्या बाजूचे, ते अनपेक्षितपणे माझ्याकडून उभे राहिले. म्हणाले, "वाद्य म्हणता ना त्याला? मग वाद्यासारखे वागवा." कार्यवाहांनी इतिवृत्तात "विचार करण्यात येईल" असे लिहिले. या वाक्याचा अर्थ सरकारी कारकुनाला सांगायची गरज नाही. खण मात्र शिवून झाला, त्यांच्याच सौभाग्यवतींनी शिवला, जुन्या पडद्याचा.

नवा कीबोर्ड घ्यायचे तूर्त लांबले आहे. जुना माझ्या घरी असतो. काळी चार ठणठणीत वाजते. वरच्या सप्तकातली पांढरी सहा हल्ली जरा जोरात बोलू लागली आहे. मियाँनी मळसूत्रे कशी काढायची ते दाखवले आहे, स्पिरिटची बाटली आणली आहे, रविवारी उघडतो.